चाळीस गुणांचं वावर

माझी नात अमरावतीला अर्थशास्त्र शिकते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिकडेच नोकरीला आहे. इथलं दोन एकर वावर मीच पाहते. मागच्या हिवाळ्यात ती गावी आली ती लॅपटॉप आणि कागदांचा गठ्ठा घेऊन. तिला गावातल्या तीस घरांत जाऊन विचारायचं होतं, सोयाबीनचं बी किती टाकलं, खत किती, निंदायला, म्हणजे तण काढायला, किती बायका किती दिवस लावल्या, आणि पिकलं किती. मी सोबत गेले. एकट्या पोरीला बायका नीट सांगत नाहीत.

माझ्यासमोरही त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे पीक कोणी खरं सांगत नाही. राशीचा आकडा बोलला की नजर लागते. वीस पोते झाले तर बारा सांगायचे. ऐकणाराही मनात वाढवून घेतो, त्यामुळे फसत कोणी नाही. मी स्वतः दोन एकरांत सोळा पोते काढले होते आणि गावाला सांगितले तसे नातीलाही नऊच सांगितले. तोंडातून आपसूक निघाले. बी-खताचं आणि मजुरीचं मात्र सगळ्यांनी खरं सांगितलं. त्याला नजर लागत नाही.

चार दिवसांनी ती लॅपटॉप उघडून माझ्याजवळ बसली. त्यातला हिशोब असा होता की तेवढ्याच बी-खतात आणि तेवढ्याच मजुरीत ज्यानं सगळ्यात जास्त पिकवलं त्याला शंभर गुण द्यायचे, आणि बाकीच्यांना त्याच्याशी जोखायचं.

"आजी, तुले चाळीस," ती म्हणाली.

"अन् शंभर कोणाले?"

तिनं घर सांगितलं. त्या माणसाच्या वावरात गाजरगवत कमरेएवढं असतं. निंदायला तो बाई लावत नाही. पण पोराचं लग्न जमत नाही, म्हणून दोन वर्षांपासून पोते वाढवून सांगतो. यंदा त्यानं तेवीस सांगितले होते.

मग तिनं मला शेवटचं पान वाचून दाखवलं. निंदणावर जास्त बायका लावून पीक वाढत नाही, त्यांचे दिवस कमी करावेत, असं त्यात होतं. सोमवारी ते सरांपुढं मांडायचं होतं.

मी नऊ वर्षांची असल्यापासून निंदते आहे. मला बसवेना. अंगण झाडलं, थोड्या वेळानं परत झाडलं. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली. वावरात गेले, काही काम नव्हतं, परत आले. ज्यांनी निंदलं त्यांनी पीक लपवलं, ज्यानं निंदलं नाही त्यानं वाढवलं, आणि त्या यंत्रानं दोघांवरही विश्वास ठेवला. उद्या दुसऱ्या कोण्या गावात तेच पान दाखवून कोणी बायकांची रोजी बंद केली असती.

"थे पान खोटं हाय," मी तिला सांगितलं. "मले सोळा झाले होते."

तिनं लॅपटॉप बाजूला सारला. "मंग बाजूले बसून च्या काहून पेत होती? तीस घरं तुह्यासमोर खोटं बोलले."

"आकडा असा बोलत नसतात."

"मले काय ठाऊक? मी इथं राह्यली काय कधी?"

तिचं बरोबर होतं. तिचे डोळे भरले, पण मी समजूत घालत बसले नाही. सोमवारला चार दिवस होते. पुन्हा पीक विचारलं असतं तर बायकांनी पुन्हा बाराच सांगितले असते. मी तिला म्हटलं, बारदाना किती लागला ते विचार. रिकाम्या पोत्याला नजर लागत नाही.

पहिलं घर माझ्या जावेचं. ती कापूस निवडत होती.

"बारदाना किती लागला वो यंदा?" नातीनं विचारलं.

"अठरा," जाऊ म्हणाली. मग हात थांबला. तिनं नातीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "लय हुशार झाली पोरगी. कोन शिकवून राह्यलं तिले?"

"मी," मी म्हणाले.

"मंग तुहे किती थे सांग. इथंच, माह्या अंगणात."

साठ वर्षांत मी राशीचा खरा आकडा दुसऱ्याच्या दारात बोलले नव्हते. शेजारची सून भिंतीवरून पाहत होती. पण नातीची पेन्सिल थांबली होती.

"सोळा भरले," मी म्हणाले.

जावेनं तोंडात पदर धरला. "नऊ सांगत होती बिचारी," ती सुनेला म्हणाली, आणि नातीला बसायला पाट दिला.

तेवीसवाल्याच्या घरी अकरा निघाले. त्याच्या बायकोनंच सांगितलं, तो घरी नव्हता.

रविवारी नातीनं नवे आकडे घातले. निंदणाचं वाक्य गेलं. माझे गुण किती झाले ते ती सांगत होती, पण सोळाचा आकडा उघड झाला होता; मी घरात पोते चाचपत होते. हात घालून दाणे काढले, किडा लागला का पाहिलं. नव्हता. तासाभरानं पुन्हा पाहिलं.