डोळ्यांचा वारस फेरफार

अर्जदार: मी स्वतः, वय पंचावन्न, धंदा अर्ज लिहिणे, राहणार कंधार. सामनेवाले: पिंजऱ्यातील उंदीर. साक्षीदार: माझी पुतणी, जी नांदेडात त्या उंदरांवर संशोधन करते. घटनेचा दिवस: गेली नागपंचमी, ती सणाला घरी आली होती तो.

निवेदन असे की, काही महिन्यांपासून मी लिहिलेली ओळ मला मधोमध वाकडी दिसू लागली आहे. तहसील कचेरीपुढे माझ्याइतकी सरळ ओळ कोणाची नाही, हे साहेबलोकही मान्य करतात. माझ्या वडिलांचेही असेच सुरू झाले होते. शेवटी त्यांना समोरच्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. म्हणून ही बाब मी घरात उघड केली नव्हती.

जेवताना पुतणी सांगू लागली, की शरीराला दिवस की रात्र ते कळवणारे एक आतले घड्याळ असते. त्या घड्याळाच्या जनुकांत फेरफार केलेल्या उंदरांच्या डोळ्यांचा पडदा वय होताच लवकर खराब होतो.

माझा घास हातातच राहिला.

"फेरफार केला? मग नोटीस कुणाला बजावली?"

"उंदराला कशाची नोटीस, काका?"

"हरकतीला मुदत दिली का न्हाई?"

"दिली असती, पण त्याला सही येत न्हाई ना!"

"ह्यांला ताटावर बी कचेरीच सुचते," माझी पत्नी म्हणाली.

सगळे हसले. मला हसू आले नाही. फेरफार काय असतो, हे मला विचारावे. बाप गेला की जमिनीवर वारसांची नावे चढतात, आणि जमिनीवर कर्जाचा बोजा असेल तर तोही त्यांच्याकडे येतो.

"बापाकडून लेकाकडं येतो का हा फेरफार?" मी विचारले.

"काही येतात. पण उंदरावरून माणसाचं सांगता येत न्हाई. कुणासाठी विचारून राहिलात?"

"एक पक्षकार हाय."

"बरं. लोणचं समोरच हाय, काका. आजोबावानी चाचपून राहिलात..."

बोलता बोलता ती थांबली. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लातूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ." मी कामाचे निमित्त सांगितले. ती नांदेडला परतली.

तरी पुतणीस विनंती की, लातूरला येण्यास मी तयार आहे, मात्र तपासणीच्या खुर्चीत माझ्यानंतर तिनेही बसावे. वारस फेरफाराची नोटीस एकट्या वारसाला बजावून चालत नाही. तीही माझ्या वडिलांचीच नात आहे. होय किंवा नाही, ते मला स्वतःला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात कळवावे.