गाठीतलं मीठ

बाबांचं उजवं अंग लकव्यानं गेलं, तेव्हा घाटंजीच्या आमच्या घरी दूध घालणारी तांड्यावरची बाई त्यांना भरवायला बसू लागली. मी पातळ पेज पाजायचो आणि बाबांना ठसका लागायचा. ती ज्वारीची आंबील घट्ट शिजवून आणायची. एरवी तिचं तोंड थांबत नसे, पण बाबा घास गिळेपर्यंत ती त्यांच्या गळ्याकडे बघत गप्प बसायची.

मग आंबील अळणी येऊ लागली. मी चाखून कुरकुरलो.

“तुमी कायले बोलता? खानाऱ्याले बोलू द्या,” ती म्हणाली.

आठव्या दिवशी बाबांनी तोंड फिरवलं. लकव्यानंतरचा पहिला शब्द त्यांच्या तोंडून फुटला, “मीठ.”

माझा जीव भांड्यात पडला. तिनं ओढणीची गाठ सोडली आणि चिमूटभर मीठ आंबिलीत टाकलं. ते ती रोजच बांधून आणत होती.