वेलचीचा वास

सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या एका फ्लॅटमधली ती शनिवारची सकाळ मी अजून विसरलेलो नाही. आठवली की स्वतःचाच राग येतो.

तिथल्या आरोग्य खात्यात तपास अधिकारी म्हणून माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. खबर आली की पुण्याकडचा एक इंजिनिअर ऑफिसातल्या लोकांना व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, भरायचा अर्क पुरवतो; वेलचीचा, गुलकंदाचा. सिंगापुरात व्हेप नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. पथकाने झडती घेतली, तर त्याच्या खिशात एक व्हेप सापडला, बाकी काही नाही. "माझ्यापुरता आहे," एवढं बोलून गडी गप्प बसला. घरात त्याची आई होती, व्हिजिट पासवर आलेली. तिला इंग्रजी येईना, म्हणून मला बोलावणं आलं.

घाबरलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारायचे नाहीत, हे मी नोकरीत शिकलो होतो. बूट दाराशी काढले, स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "मावशी, चहा टाकता का?"

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अगं बाई, आपल्यातले का तुम्ही? कुठले?"

"आजोबा साताऱ्याचे. मी जन्मलो इथेच, हौगांगला राहतो."

आलं किसता किसता त्या बोलत गेल्या. नवरा सिगारेटपायी गेला होता. मुलाला त्यांनी शपथ घातली होती. इथे आल्या की रोज संध्याकाळी तो दारात शिरताच त्याचा शर्ट हुंगायच्या.

"वर्ष झालं, सिगारेटचा वास नाही. नुसती वेलची! सिगारेट सुटायचं ते औषध मीच आणते पुण्याहून, मसाल्याच्या डब्यातून. त्याचा मित्र बाटल्या आणून देतो. ऑफिसातल्या लोकांनाही देतो हा, त्यांचीही सुटावी म्हणून."

त्यांनी फळीवरचा डबा काढून माझ्यापुढे उघडला; आत बाटल्या होत्या. मी पथकाला हाक मारली. आठ वर्षांची नात दारातून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, आजी ओन्ली ब्रिंग खाऊ, ला!"

मावशींचा जबाब नोंदवून मी तो मराठीत वाचून दाखवला. एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे हेही ओढायचंच असतं?"

"हो. यातही निकोटिन असतं."

त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "मावशी म्हणालास, म्हणून सांगितलं रे."

मुलावर खटला झाला, त्याचा नोकरीचा पास रद्द झाला, नातीची इथली शाळा सुटली. मावशींना ताकीद देऊन परत पाठवलं आणि इथे पुन्हा यायला बंदी झाली.

लोक मला विचारतात, नुसत्या गोड वासाच्या व्हेपवर एवढे कडक नियम कशाला? मी त्यांना या बाईंबद्दल सांगतो. साध्या सिगारेटच्या धुराचा वास आला असता, तर आमच्या कितीतरी आधी त्यांनीच मुलाला पकडलं असतं.

कायद्याच्या दृष्टीने माझं काही चुकलं नाही. पण त्या बाईंना गोड बोलून फसवणारे आम्ही दोघं होतो, मुलगा आणि मी. त्याला शिक्षा झाली. मला शाबासकी मिळाली.