मास्तरचा नववा धडा

मास्तर कधीच हरत नसे. पैसे तेवढे हरायचे.

हे त्याचंच म्हणणं होतं, आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी धरून तो ते सांगायचा, त्यामुळे समोरून कुणी वाद घालत नसे. दोन खुर्च्यांचं सलून, भिंतभर एकच लांब आरसा, समोर बाकडं, डाव्या कोपऱ्यात बेसिन. डावी खुर्ची मास्तरची, उजवी त्याच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळे ताईच म्हणत. भावाचं मास्तर हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाला काहीतरी शिकवल्याशिवाय तो उठू देत नसे. आधी दोन वर्षं तो लोकांना पोटाचे विकार शिकवत होता. मग घरांचे भाव. गेल्या वर्षापासून पोकर.

पोकर म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते ज्याचे त्यालाच दिसतात. पाच पत्ते मधे सगळ्यांसाठी उघडतात. हातात काय आहे ते लपवायचं, नाही ते असल्याचा आव आणायचा आणि समोरच्याला घाबरवून डाव घ्यायचा. आव आणण्याचा मास्तरला दांडगा अनुभव, म्हणून हा खेळ आपल्यासाठीच निघालाय असं त्याला वाटलं. खेळ ऑनलाइन. समोरचे पाच जण कोण, कुठले, काही पत्ता नाही. तरी मास्तर त्यांना आतून बाहेरून ओळखायचा.

"हा बघा," दाढीला बसलेल्या बँकेतल्या कारकुनाला टॅबवरचा चालू डाव दाखवत तो सांगायचा, "हा बटण दाबायला वेळ लावतोय. म्हणजे भित्रा. घरात बायकोपुढे बोलत नसणार."

कारकुनाच्या तोंडाला फेस. तोही घरात बोलत नसे, इथेही बोलला नाही.

ताई शेजारच्या खुर्चीमागे उभी राहून पोरींच्या बटा सरळ कापत असायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. एकोणीस वर्षं ती या भावाशेजारी उभी होती. त्याची कात्री चांगली चालायची हे ती कबूल करायची. वडिलांचा हात त्यालाच मिळाला होता. पण तोंड कुणाचं मिळालं होतं, देव जाणे. तिला त्याची कीव यायची, राग यायचा, पण बहुतेक वेळा नुसता कंटाळा यायचा.

हरल्यावर मास्तर एका रेघी वहीत धडा लिहायचा. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'अनुभवाचे धडे' असं लिहिलं होतं. ताईने सगळे वाचले होते. पहिला धडा: लहान टेबलावर हुशारीला किंमत नसते, कारण समोरच्याला ती कळतच नाही. दुसरा: मूर्खाला घाबरवता येत नाही. तिसरा: पत्ते वाईट येतात तेव्हा खेळाडूचा दोष नसतो. असं पुढे. कुठल्याही धड्यात मास्तर चुकलेला नव्हता. सगळ्या वहीत ताईला पटला तो एकच, नववा. तो त्याने कुठल्यातरी व्हिडिओतून उतरवला होता, म्हणूनच धड होता: 'डाव जिंकला की पत्ते फुकट दाखवू नयेत. ज्याने बघायचे पैसे भरले नाहीत, त्याला आपला हात कळता कामा नये.'

हे सगळं वहीत राहिलं असतं तर ताईने हसून सोडून दिलं असतं. पण एके दिवशी शेजारचा चपलांचा दुकानदार येऊन फूटपट्टीने भिंत मोजायला लागला.

"हे काय चाललंय?" ताईने विचारलं.

"माझा अर्धा भाग देऊन टाकतोय," मास्तर म्हणाला. "मोठ्या टेबलावर बसायला भांडवल लागतं. किती दिवस लोकांच्या मानेवरचे केस झाडत बसू? माझी पातळी वेगळी आहे, ताई."

"आणि मी?"

"तुझा अर्धा भाग तुझाच. कोण काढून घेतोय? मधे भिंत घालू, झालं."

बेसिन आणि नळ त्याच्या अर्ध्यात होते. पाण्याशिवाय सलून चालत नाही हे मास्तरला कळत नव्हतं असं नाही. त्याच्या पातळीवरून ते दिसत नव्हतं. दुकान वडिलांनी अर्धं-अर्धं वाटून दोघांच्या नावावर केलं होतं, तेव्हा त्याला अडवायचा हक्क ताईला नव्हता. घरी तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं, दुसरं काम येत नव्हतं, आणि वय सत्तेचाळीस. ही खुर्ची गेली की सगळंच गेलं.

ती रडली नाही. भांडलीही नाही, मास्तरशी भांडायचं म्हणजे आणखी एक धडा ऐकायचा. तिने ठरवलं की याला टेबलावरच असा धुवायचा की पुन्हा पत्त्यांचं नाव काढणार नाही.

ते तिला जमणार होतं. त्याचं कारण भिंतीवरच होतं.

दुपारी एक ते चार सलून रिकामं असे. तेव्हा मास्तर आपली खुर्ची गरकन फिरवून दाराकडे तोंड करून बसायचा आणि टॅब छातीशी धरून खेळायचा. पाठीमागून कुणी पत्ते बघू नयेत म्हणून. "मागे भिंत असली की माणूस निर्धास्त," असं तो म्हणायचा. मागे भिंत होतीच, पण भिंतीवर आठ फुटी आरसा होता. जन्मभर त्यात बघून त्याने गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरून बक्षिसीचा अंदाज बांधला होता. आपलीही पाठ त्यात दिसते हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. दिवसातून वीस लोकांना हातातला छोटा आरसा धरून त्यांची मान मागून दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या डोक्यावर मागे पडलेलं टक्कल ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत आरशाकडे तोंड करून ताई बसायची. टकलाच्या खाली, खांद्यावरून, टॅब लख्ख दिसायचा. पत्ते उलटे, पण एकोणीस वर्षं ती बाकड्यावरच्या लोकांच्या हातातले पेपर आरशातून उलटेच वाचत आली होती. तिला काहीच अडचण आली नाही.

तिने मोबाइलवर खातं उघडलं. नाव काय द्यायचं म्हणून समोर बघितलं तर खुर्चीच्या हातावर ओला टॉवेल होता. तेच दिलं. मास्तरचं टेबल कुठलं हे शोधावं लागलं नाही. तो मोठ्याने सांगूनच बसायचा.

पहिल्या आठवड्यात ओल्या टॉवेलने मास्तरला चार वेळा धुतला. दुसऱ्या आठवड्यात रोज. ताई घाई करत नसे. मास्तरकडे राजाची जोडी असली की निमूट पत्ते टाकून द्यायची. मास्तरकडे काहीच नसताना तो सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या सोंगट्या, पुढे सरकवून छाती फुगवायचा, तेव्हा ती फण्या पुसता पुसता अंगठ्याने बटण दाबायची. मग शेजारून ओरडा ऐकू यायचा.

"हा ओला टॉवेल म्हणजे निव्वळ बैल आहे! हातात काही नसताना पैसे लावतो!"

"काही नसताना?" ताई विचारायची.

"जिंकला, पण नशिबाने. धोबी असणार कुठला तरी. नावावरूनच कळतं. डोक्याचा आणि याचा संबंध नाही."

"मग जिंकतो कसा?"

"तेच तर! शहाण्या माणसाला कळत नाही हा असा का खेळतो!"

ताई पुन्हा ओठ मिटायची, पण आता कंटाळ्याने नव्हे. खरं सांगायचं तर तिला मजा यायला लागली होती. जन्मात कधी कुणावर कुरघोडी न केलेली ही बाई दुपारचा एक वाजायची वाट बघू लागली. जिंकलेल्या पैशाला तिने हात लावला नाही. त्याला शहाणपण आलं की सगळे परत करायचे असं तिचं ठरलं होतं. पण मास्तरने बैल म्हटलं, धोबी म्हटलं, ते सगळं तिने मनात जपून ठेवलं होतं.

दीड महिना गेला. मास्तरच्या वहीत अठ्ठेचाळीस धडे झाले. मग एका शनिवारी ओल्या टॉवेलने त्याच्या टेबलावरच्या सगळ्या चिप्स एका डावात नेल्या. मास्तर ओरडला नाही. वहीही उघडली नाही. त्याने टॅब बंद करून बाकड्यावर ठेवला, खुर्ची पुन्हा आरशाकडे फिरवली आणि बराच वेळ कात्रीला तेल घालत बसला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मला बहुतेक हे जमत नाही."

पंचेचाळिशीला टेकलेल्या त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा निघत होतं.

"चपलावाल्याला सोमवारी नको म्हणून सांगतो," तो म्हणाला. "आपलं आहे ते बरं आहे."

झालं होतं. दुकान वाचलं होतं, नळ वाचला होता, आणि शिवाय मास्तर गप्प बसला होता, जे कुणाला कधी साधलं नव्हतं. आता ताईने फक्त "बरं" म्हणायचं आणि केर काढायला घ्यायचा. एवढंच काम होतं. पण दीड महिन्याचा बैल आणि धोबी तिच्या घशाशी आला. याला हरवलं कुणी ते याला कळायलाच हवं. एकदा, फक्त एकदा, याचं तोंड बघायचंय, असं तिला इतक्या जोरात वाटलं की शहाणपणाला वाव राहिला नाही.

"धोबी नाहीये तो," ती म्हणाली.

"कोण?"

"ओला टॉवेल. मी आहे."

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. नाव दाखवलं, साठलेले सगळे पैसे दाखवले. मग त्याला पुन्हा दाराकडे तोंड करून बसवलं, टॅब त्याच्या हातात दिला, छोटा आरसा त्याच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "आता यात बघ."

मास्तरने बघितलं. त्यात मागचा मोठा आरसा दिसत होता, आणि मोठ्या आरशात टॅब. टॅबच्या वर, वडिलांनी बसवलेल्या पिवळ्या दिव्याखाली, त्याचं टक्कलही दिसत होतं.

हे तोंड बघायला ताई दीड महिना थांबली होती. ते आधी पांढरं पडलं. मग लाल झालं. आणि मग, तिच्या डोळ्यांदेखत, ते हळूहळू उजळायला लागलं.

"म्हणजे..." मास्तर उभा राहिला. "म्हणजे तू माझे पत्ते बघत होतीस!"

"हो. म्हणून तर सांगते..."

"म्हणजे मी हरलोच नव्हतो!" त्याने टाळी वाजवली. "अगं, पत्ते बघितल्यावर कुणीही जिंकेल! न बघता कुणी जिंकलं का माझ्यावर? नाही ना? मला वाटलंच होतं. मी मनात म्हणत होतो, आपलं कुठे चुकतंय? चुकतच नव्हतं!"

"अरे, आधी वर्षभर हरत होतास तेव्हा मी कुठे होते?"

"तेव्हा शिकत होतो," मास्तर म्हणाला, आणि दीड महिन्यात न पाहिलेल्या प्रेमाने त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, बरं झालं सांगितलंस. मी तर सोडणार होतो. आणि ते पैसे दे इकडे, माझेच आहेत ते."

तिने दिले. न देऊन करते काय? सोमवारी चपलावाला कागद घेऊन आला तेव्हा मास्तर नवा शर्ट घालून बसला होता. सही करताना त्याने दुकानदारालाही थोडं शिकवलं.

मधे भिंत आली. तिच्याआड येणारा आरसा कापावा लागला. काचवाल्याने हिऱ्याची लेखणी वरून खाली एकदा ओढली, हलका धक्का दिला, आणि वडिलांच्या आठ फुटांचे चार फूट झाले. उरलेला तुकडा चपलावाल्याने आपल्या बाजूला तसाच ठेवला. गिऱ्हाइकं आता त्यात पाय बघतात. ताईच्या वाट्याला एक खुर्ची, अर्धं बाकडं आणि एक बादली आली. पाणी चपलांच्या दुकानाच्या मागच्या दारातून आणायचं, तेही दुकानदाराची मर्जी असेल तेव्हा.

मास्तर अकरा आठवडे मोठ्या टेबलावर बसला. बाराव्या आठवड्यात केस कापून घ्यायला बहिणीकडे आला. दुसरीकडे पैसे पडतात म्हणून. गाल आत गेले होते, शर्ट तोच होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने मोबाइल मांडीवर पालथा टाकला आणि वर हात ठेवला.

ताईने केप बांधली, केस भिजवले, कापायला सुरुवात केली.

"सगळं गेलं," मास्तर म्हणाला.

ताईने कानामागचे केस कापायला घेतले.

"एकच जण आहे. वेगवेगळ्या नावाने येतो. माझे पत्ते त्याला दिसतात, मला पक्कं कळतंय. घरातले आरसे मी सगळे उतरवले. खिडकीला कागद चिकटवला. तरी त्याला दिसतात." तो आरशातून तिच्याकडे बघू लागला. "खरं सांग ताई. तूच ना?"

कात्री थांबली. त्या रात्रंदिवस जागलेल्या डोळ्यांत विनवणी होती. तिने हो म्हणावं म्हणून तो आला होता. हो म्हटलं असतं तर हा उड्या मारत घरी गेला असता आणि बायकोच्या बांगड्या घेऊन परत बसला असता. नाही म्हटलं असतं तर विश्वास ठेवला नसता. गाढव, ती मनात म्हणाली, आणि ते त्याला म्हणाली की स्वतःला हे तिचं तिलाही कळलं नाही.

तिने छोटा आरसा उचलला आणि सगळ्यांना दाखवतात तशी त्याची मान त्याला मागून दाखवली. मास्तरने तिकडे पाहिलं नाही. मोबाइल नीट पालथा आहे ना, तेवढं चाचपलं.

"सांग ना," तो म्हणाला.

ताईने केप सोडून झटकली. मग बादली उचलली आणि चपलांच्या दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन पाण्यासाठी उभी राहिली.