पान एकशे बारा

त्यांच्या घरात आठवडा फ्रीजवर चिकटवलेला होता. सोमवारी गणित, मंगळवारी भाषा, बुधवारी स्वयंपाकघरातलं विज्ञान, गुरुवारी वाचनालय आणि शुक्रवारी संध्याकाळी मोठ्याने वाचन. तक्ता बाबांनी केला होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण रेघा अशा सरळ की पट्टीने लाजावं. मुलींना शाळेत पाठवत नाही म्हटल्यावर नातेवाईक नाकं मुरडायचे, तेव्हा ते या तक्त्याकडे बोट दाखवायचे आणि चहा विचारायचे.

शाळा सोडली ती मोठीमुळे. मोठी आता अकरा वर्षांची होती. सातव्या वर्षी ती शाळेत अख्खं वर्ष एक शब्दही बोलली नव्हती. घरी पोपटासारखी बडबड, शाळेच्या फाटकात पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. घरी शिकवायला लागल्यावर हळूहळू ती वाचनालयातल्या बाईंना "हे पुस्तक परत" एवढं म्हणण्यापर्यंत आली. धाकटी सहा वर्षांची. तिला बोलायला कधीच कुणाची परवानगी लागली नाही.

अकरा आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, बाबांचं हृदय कामावरच बंद पडलं. बुधवारी विज्ञान झालं नाही. शुक्रवारी वाचन झालं. सोमवारी गणित झालं.

लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला फक्त फ्रीजवर काय लिहिलंय ते दिसत होतं. भागाकार आला की भागाकार शिकवायचा. पाणी उकळायची वेळ आली की पाणी उकळायचं, थर्मामीटर धरायचा, आकडा वाचायचा. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, झोप मात्र दगडासारखी यायची. बोटाला चटका बसला तर तो बसलाय हे फोड आल्यावर कळायचं.

पोटापाण्यासाठी ती घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या पुस्तकात एक ओळ दोनदा पडली तर चार खोल्यांपलीकडून तिला ठेच लागायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो कुठे असतो हे मात्र दिव्याला कधी दिसत नाही.

शुक्रवारचं वाचन पूर्वी बाबांचं होतं. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची जाडजूड गोष्ट चालली होती. बाबा दर रविवारी दुपारी पुढचा धडा एकट्याने वाचून ठेवायचे आणि समासात पेन्सिलीने खुणा करायचे: "इथे हळू", "कप्तानाचा आवाज", "इथे धाकटी हसेल". आता आई त्याच खुणांवर चालायची. नववा धडा, पान एकशे बारा ते एकशे सव्वीस. स्वयंपाकी बटाट्यांच्या कोठारात एक बकरी लपवतो, कप्तानाला वास येतो, आणि कप्तान कोठाराच्या दाराला हात लावतो. धडा संपला की आई पुस्तक मोठीच्या हातात द्यायची, मोठी ते खुणेची पट्टी घालून फळीवर ठेवायची, आणि आई वहीत लिहायची: वाचन, पान ११२ ते १२६.

ही वही दर सहा महिन्यांनी शिक्षण खात्याची तपासनीस बघायची. वही पटली तर मुली घरी, नाही पटली तर शाळेत. त्या गुरुवारी सकाळी तपासनीस आली. वयाने पन्नाशीची, गुडघेदुखीने जिन्यावर दोनदा थांबून आलेली. आल्या आल्या म्हणाली, "लिफ्ट बंद आहे तुमची."

"हो," आई म्हणाली. "ती दुरुस्त करणारे घरातच होते."

तपासनीस खुर्चीत टेकली. मग तिने चष्मा लावला आणि वही उघडली. गणित बघितलं, मान हलवली. विज्ञान बघितलं, मान हलवली. वाचनाच्या रकान्यात तिचं बोट खाली सरकत गेलं, थांबलं, पुन्हा वर गेलं.

"ताई, हे जरा बघा," ती म्हणाली. "अकरा शुक्रवार तीच पानं."

आईने बघितलं. अकरा वेळा एकशे बारा, अकरा वेळा एकशे सव्वीस. "अक्षर माझंच आहे," ती म्हणाली, जणू शेजारणीच्या वहीबद्दल सांगत होती. लाज वाटायला हवी होती, भीती तर नक्कीच वाटायला हवी होती. आत काहीच हललं नाही.

"तुमचं दुःख मला कळतं," तपासनीस हळू आवाजात म्हणाली, "पण अकरा आठवडे मुलींनी एकच धडा ऐकलाय आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. अशा वेळी शाळा बरी पडते हो. तुम्हालाही आणि पोरींनाही. मला तसंच लिहावं लागेल."

"बकरी कधीची आतच आहे," धाकटी म्हणाली. "मला तर पाठ झालं सगळं."

"मग आईला का नाही सांगितलंस, बाळा?"

"ताई म्हणाली सांगायचं नाही."

सगळ्यांनी मोठीकडे बघितलं. मोठी फ्रीजला पाठ लावून उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. आईला ते तोंड ओळखीचं होतं. शाळेच्या फाटकात रोज सकाळी ते तसंच मिटायचं. आता ही बोलणार नाही, आईला वाटलं, आणि मग सगळं संपलं.

तपासनीस बाईने पेनाचं टोपण काढलं.

"पट्टी मी मागे घालते," मोठी म्हणाली. आवाज खरखरीत होता, पण होता. "दर शुक्रवारी. आईची चूक नाही. मी पुढचं पान बघितलं. दहाव्या धड्यात बाबांची पेन्सिल नाहीये. कुठेच नाहीये, शेवटपर्यंत. नववा संपला की मग... मग बाबांचं काहीच उरत नाही. म्हणून मी संपू दिला नाही."

नळ ठिबकत होता. तपासनीस बाईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मागच्या भेटीची नोंद काढून वाचली. "ही मुलगी अनोळखी माणसासमोर बोलत नाही, असं लिहिलंय इथे," ती म्हणाली.

"नाही बोलत," आई म्हणाली.

"मग मी काय, मावशी लागते की काय तिची?" तपासनीस बाईने नाक ओढलं आणि कागदावर भराभर लिहिलं. "सहा महिने घरीच. पण पुढच्या खेपेला मला ती बकरी कोठाराबाहेर दिसली पाहिजे."

ती जिना उतरेपर्यंत आई दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी तिघी पलंगावर बसल्या. आईने पट्टी काढून मांडीवर ठेवली आणि पान एकशे सत्तावीस उघडलं. समास दोन्ही बाजूंनी कोरा होता. ती वाचायला लागली. कप्तानाने दार उघडलं, बकरीने त्याच्या टोपीचा काठ चावला. आईने हे सगळं दूधवाल्याचा निरोप सांगावा तसं एका सुरात सांगितलं. धाकटी तरीही हसली. मग स्वयंपाकी कप्तानासमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला की ही बकरी माझ्या घरची आहे, घरातलं दुसरं कुणी आता राहिलेलं नाही. आई तेही त्याच वेगाने वाचून पुढे निघाली.

मोठीने पानावर बोट ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "इथे हळू."

आई मागे आली. तिने ती ओळ पुन्हा घेतली, एकेक शब्द सुटा करत. तिसऱ्या शब्दाला तिला पान दिसेनासं झालं. तिने पुस्तक खाली ठेवलं, आणि अकरा आठवड्यांत पहिल्यांदा ती मुलींसमोर मोठमोठ्याने रडली. मोठीने उशीखालून पेन्सिल काढली आणि समासात खूण केली.