सगळ्या गाड्या उजवीकडे धावतात

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. स्टुडिओचं शटर गुडघाभर उचललेलं आहे, म्हणजे आत कुणीतरी आहे, पण गिऱ्हाइकांसाठी नाही. आत टेबलावर दुधी काचेची, खालून दिवा असलेली पेटी लावली आहे. त्या काचेवर फिल्मची एक पट्टी ठेवून, डोळ्याला भिंग लावून मालकीणबाई वाकल्या आहेत. चहा शेजारी आहे, त्यावर साय धरली आहे.

बाईंचं वय सत्तावन्न. गल्लीत त्यांना फोटोताई म्हणतात. वडिलांनी हा स्टुडिओ सुरू केला, आणि शाळेतून आल्यावर डार्करूममध्ये उभं राहून त्या तो शिकल्या. अॅसिडचा वास केसांना येतो म्हणून वर्गातल्या मुली लांब बसायच्या, असं त्या तक्रारीच्या सुरात नव्हे तर माहिती म्हणून सांगतात. पासपोर्ट फोटोवर दुकान कसंबसं चालायचं. मग लोकांना आपापल्या घरातले पिवळे पडलेले, बुरशी धरलेले फोटो आठवले आणि कामाला जोर आला. फाटलेली आजी जोडून देणं, पुसला गेलेला कान काढून देणं, हे आता त्यांचं रोजचं काम. 'कान कुणासारखा काढू ते तेवढं सांगा,' असं त्या गिऱ्हाइकाला विचारतात, आणि गिऱ्हाईक खरंच विचारात पडतं.

आज मात्र काम घरचं आहे.

वडिलांना मोटारींचं वेड होतं आणि त्यांच्या धाकट्या भावाला त्या पळवायचं. गावाबाहेर वापरात नसलेली एक धावपट्टी होती. तिथे पिंपं मांडून वळणं करायची आणि वर्षातून दोनदा शर्यत लावायची, असा काही हौशी मंडळींचा उद्योग बरीच वर्षं चालला. दोघा भावांनी एका मोडक्या मोटारीचा सांगाडा घेऊन मागच्या अंगणात एक गाडी बांधली. बसायची जागा एकच, बरोबर मध्ये. पत्रा वाळूच्या पोत्यावर ठोकून गोल केलेला, आणि बॉनेट उडू नये म्हणून वरून चामडी पट्टा. गाडीवर इंग्रजी आठचा आकडा. धाकटा भाऊ ती चालवायचा, थोरला फोटो काढायचा. त्या फोटोंचा जाड काळ्या पानांचा आल्बम फोटोताईंच्या घरात आहे. धाकट्या भावाला, म्हणजे त्यांच्या काकांना, गावातली जुनी माणसं अजून 'आठ नंबर' म्हणूनच हाक मारतात. काका आता ब्याऐंशीचे आहेत.

शर्यती बंद पडल्यावर गाडी विकली गेली, मग आणखी कुणाला, आणि पुढे तिचा पत्ता लागेना. गेल्या आठवड्यात तो लागला. लाकडाच्या वखारीची मालकीण नवं यंत्र बसवायला मागची शेड रिकामी करत होती. फळ्यांच्या ढिगाखाली तिला चाकं नसलेला, इंजिन नसलेला, तीनचार रंग चढलेला एक सांगाडा सापडला. सासऱ्यांनी तो कधी आणि कशाला घेतला हे सांगायला कुणी उरलेलं नव्हतं. आठ नंबरची गोष्ट तिच्या कानावर होती. तिने निरोप धाडला, तुमची असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारवाला येणारच आहे.

काका मुलाबरोबर गेले. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात आहे. नकाशात असेल तिथेच तार सापडते, यावर त्याचा विश्वास. त्याने फोटोताईंकडून आल्बम मागून बरोबर घेतला होता.

'हीच,' काका म्हणाले. 'सायलेन्सर डाव्या अंगाने. बघ, पत्र्याला खाच आहे. माझं डावं कोपर भाजायचं प्रत्येक वेळी.'

मुलाने आल्बम उघडला, पानं उलटली आणि हळूच म्हणाला, 'बाबा, फोटोत उजवीकडे आहे.'

'कुठल्या फोटोत?'

'सगळ्याच.'

त्या काळात गावात अशा घरगुती गाड्या पाचसहा तरी होत्या. ही त्यातली दुसरी एखादी असणार, असं मुलगा मालकिणीला म्हणाला आणि दिलगिरी व्यक्त करून वडिलांना घरी घेऊन आला. काकांनी वाद घातला नाही. 'मग माझंच चुकत असेल,' एवढंच म्हणाले.

नंतरचे चार दिवस ते हेच म्हणत राहिले. मी जेवलो का, असं सुनेला विचारू लागले. पत्त्यांचा अड्डा बंद केला, कारण पानं लक्षात राहत नाहीत. पूर्वी कधी तशी तक्रार नव्हती. घराची किल्ली त्यांनी आपणहून सुनेच्या हातात दिली. काल संध्याकाळी मुलगा स्टुडिओत आला. आल्बम काउंटरवर ठेवून म्हणाला, 'ताई, तू जरा समजाव त्यांना. वय झालं की होतं असं म्हणावं. ते गाडीचं राहू दे, पण आता ते कशावरच विश्वास ठेवेनात. आपल्या डोक्यावर तर अजिबात नाही.'

फोटोताई समजावायला तयार झाल्या. फोटो त्यांच्या वडिलांचे होते आणि वडिलांचं काम चोख असायचं. घरी आल्यावर त्यांनी सहज आल्बम चाळला. झेंडा दाखवणाऱ्या माणसाने झेंडा डाव्या हातात धरला होता. घड्याळ उजव्या मनगटावर होतं. त्याच्या मागच्या माणसाचं घड्याळही उजव्या मनगटावर. शर्टांच्या गुंड्या बायकांच्या ब्लाउजसारख्या उलट्या बाजूने लावलेल्या.

'एखादा माणूस डावखुरा असतो,' फोटोताई म्हणतात. 'अख्खं मैदान कसं असेल?'

म्हणून आज सकाळी माळ्यावरचा, वडिलांच्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा खाली आला. मूळ फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेली अक्षरं आणि आकडे असतात. ते नीट वाचता आले की चित्रही सुलटं, त्यात वादाला जागा नाही. पट्टीवरचे आकडे नीट वाचता येत होते आणि गाडी डावीकडे धावत होती. दुसऱ्या चौकटीतही डावीकडे. तिसऱ्यातही. सायलेन्सर गाडीच्या डाव्या अंगाला, काका म्हणाले तिथेच. आल्बममध्ये मात्र प्रत्येक गाडी उजवीकडे पळते, उभी असली तरी नाक उजवीकडे.

फोटोताईंना उलगडा व्हायला वेळ लागला नाही, कारण या कामात त्या स्वतःच वाढल्या होत्या. वडिलांचा नियम होता की फोटोतल्या गाडीचं तोंड पुढच्या पानाकडे हवं. डावीकडे धावणारी गाडी घरी परत चालल्यासारखी दिसते, असं ते म्हणत. पण मैदानावर फोटोवाल्यांना एकाच बाजूला उभं राहू द्यायचे आणि गाड्या यायच्या उजवीकडून डावीकडे. तेव्हा ते डार्करूममध्ये फिल्म उलटी घालून छापायचे. मागच्या फलकांवरची अक्षरं उलटी दिसली असती, ती त्यांनी बारीक ब्रशाने रंग भरून पुसली होती. इतर गाड्यांचे नको ते आकडेही धुळीच्या लोटात मिसळून दिले होते. ते कोरे फलक फोटोताईंनी लहानपणापासून पाहिले होते. उन्हाने अक्षरं उडाली असतील, असं त्यांना वाटायचं.

त्यात फसवायचा हेतू नव्हता. पान चांगलं दिसायला हवं होतं, बस. गाडी खरी कोणत्या बाजूला वळते, हे पुढे कुणी आल्बमला विचारेल, असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

चहा तसाच टाकून फोटोताई पट्टी पाकिटात घालून काकांकडे गेल्या. काका खिडकीपाशी बसले होते, गळ्यापर्यंत गुंड्या लावून.

'काका, सायलेन्सर डावीकडेच होता.'

'कोण म्हणतं?'

'निगेटिव्ह म्हणतं.'

'परवा फोटो म्हणाला उजवीकडे. आज हे म्हणतं डावीकडे. तुमचं आधी आपसात ठरवा. मला मध्ये घेऊ नका.'

फोटोताईंनी पट्टी खिडकीच्या काचेला लावून धरली. काकांचा मुलगा कामावर निघाला होता, तो बूट घालता घालता थांबला. कडेचे आकडे त्याने वाचले. पट्टी उलटी करून पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, परत सुलटी केली. एका पायात बूट तसाच.

'म्हणजे थोरल्या काकांनी सगळा आल्बम उलटा छापला?'

'पहिल्या पानापासून.'

'आणि आकडा? आकडा उलटा दिसला असता की.'

यावर काका हसायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदा, असं सून नंतर म्हणाली. 'आठ कसा उलटा दिसेल? अरे, नंबर वाटायच्या वेळी दादा माझ्या मानगुटीवर बसायचा. आठच माग, दुसरा घेऊ नकोस. एकदा मला पाच मिळाला, तर भांडून बदलून आणला. मी विचारलं, आठात काय आहे एवढं? म्हणाला, गोल आहे, छान दिसतो. मला वाटायचं, कुणीतरी ज्योतिषाने सांगितलं असेल.'

'ज्योतिषी घरातच होता,' फोटोताई म्हणाल्या.

मुलाने दुसरा बूट घातला. आत जाऊन आला आणि किल्ली वडिलांच्या समोर ठेवली.

'ही कशाला?'

'वखारीत जाऊ या ना.'

'तू येतोयस ना बरोबर? मग मला किल्ली कशाला?' काका म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.

तिघं खाली उतरल्यावर चष्मा वरच राहिल्याचं काकांच्या लक्षात आलं. तो आणायला मुलगा दोनदा वर गेला, कारण पहिल्यांदा काकांनी सांगितलेल्या जागी तो नव्हता. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस चष्मा विसरतो. निगेटिव्ह त्याला काही करू शकत नाही. पण वाटेत, कोपरा आल्यावर, वखारीकडे कुठून वळायचं हे काकांनी कुणाला विचारलं नाही.

मालकीण बाहेरच होती, डोक्याला रुमाल बांधून, अंगभर भुसा. 'अहो, तुमचा फोटो नाही म्हणाला, म्हणून मी भंगारवाल्याला उद्याचं सांगून बसले.'

'फोटो उलटा छापलेला होता,' मुलगा म्हणाला.

'कुठल्या स्टुडिओत?'

'आमच्याच,' फोटोताई म्हणाल्या.

मालकिणीने अंगावरचा भुसा झटकला. 'माझा पहिलीतला फोटो तुमच्याकडचा आहे. त्यात माझा भांग उजवीकडे दिसतो. मी जन्मभर समजत आले की त्या दिवशी आईचा हात चुकला.'

शेडमध्ये दिवा नव्हता. मुलाने मोबाइलचा उजेड धरला आणि फोटोताईंनी भिंगातून चौकट बघत एकेक गोष्ट सांगितली. सीटच्या मागे ठिगळ आहे, तिरकं. काकांनी हात फिरवला, ठिगळ होतं, तिरकंच. ठिगळाला तीन रिव्हेट, चौथा निखळलेला. तीनच सापडले. 'चौथा मीच तोडला होता,' काका म्हणाले. 'पाठीला टोचायचा.' एवढं झाल्यावर मालकीण म्हणाली की तिची खात्री पटली, आता बाकी तपासणी घरी नेऊन करा, तिला शेड हवी आहे.

मग प्रश्न आला, न्यायची कशातून. मालकिणीनेच सोडवला. भंगारवाल्याचा टेम्पो येणारच आहे, गडीही त्याचेच. त्याला फक्त दुसरा पत्ता सांगायचा. मुलाच्या लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये मागच्या भिंतीशी जागा आहे. इंजिन कुठून आणायचं, चाकं कुठली बसवायची, यावर बापलेकांचं तिथेच, भुशात उभ्याउभ्या, भांडण लागलं. मुलगा म्हणाला, आधी गंज काढू. काका म्हणाले, आधी मला बसू दे. ते बसले. पाय पूर्वीसारखे आत जाईनात, तेव्हा गुडघे वर करून बसले. डावं कोपर त्यांनी सवयीने अंगाशी ओढून घेतलं, आणि ते बघून मुलाने मोबाइलचा उजेड पत्र्यावरच्या खाचेकडे वळवला.

'इंजिन नाही ते बरं,' काका म्हणाले. 'असतं तर याने मला बसू दिलं नसतं.'

फोटोताई दुपारी दुकानात परत आल्या. दोन पासपोर्ट फोटो काढले, एका आजोबांची मिशी दुरुस्त केली. आल्बममधले जुने फोटो त्या काढणार नाहीत. वडिलांनी लावले तसेच राहतील. डब्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे सुलटे फोटो छापून दुसरा आल्बम करायचा त्यांचा विचार आहे. त्यात गाड्या डावीकडे धावतील. पहिल्या पट्टीचे सहा फोटो संध्याकाळपर्यंत दोरीला लटकले होते. त्यातला एक काकांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचा आहे. अड्डा पाच वाजता सुरू झाला होता, आणि काका तिथे होते.

उद्या सकाळी आठ वाजता टेम्पो वखारीच्या मागच्या दाराला लागेल. स्टुडिओ उद्या अकराला उघडेल, तसा कागद शटरवर चिकटवला आहे.