तीन दगडांची खूण

वाळवंटातल्या एर्फूद गावाच्या पलीकडच्या काळ्या पठारावर इत्तोने पन्नास वर्षं शेळ्या चारल्या आणि चारता चारता आभाळातून पडलेले दगड शोधले. काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधलेला, नजर जमिनीवर. लहानपणी बापाला विचारलं होतं, "हे कुठून येतात?" बाप म्हणाला, "ज्याने टाकले त्याला ठाऊक. तू डोळे उघडे ठेवून चाल." ती चालत राहिली.

त्या वर्षी मंगळावर पाठवायच्या यंत्राची चाचणी घ्यायला परदेशी मंडळी पठारावर उतरली. सहा चाकं, वर काचेचा डोळा. इत्तो त्यांच्या छावणीत भाकरी भाजायला लागली. तिचा भाचा बासू गाडी चालवायचा, दुभाषाचं कामही करायचा.

एका दुपारी सरपण वेचताना तिला दगड दिसला. करपलेल्या पावासारखी काळी साल. चुंबक टपकन चिकटला. तेवढ्यात अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. तिने रिवाजाप्रमाणे त्यावर तीन दगड रचले आणि निघाली. अशी खूण ज्याची, दगड त्याचा. टोळीतलं शेंबडं पोरही तिला हात लावत नाही.

सकाळी यंत्र नेमकं तिथेच जाऊन थांबलं. मंडळींनी टाळ्या पिटल्या. त्यांचा प्रमुख हेनिंग वहीत लिहू लागला.

"काय लिहितोय?" इत्तोने विचारलं.

बासू चाचरला. "यंत्राने स्वतःच शोधला म्हणतोय, आत्या. माणसाच्या मदतीशिवाय."

"आणि ते तीन दगड एकावर एक चढून बसले, ते कुणाच्या मदतीने?"

बासूने सांगितलेलं हेनिंगने ऐकलं आणि तो हसला. "रचले असतील कुणी गुराख्याने. यंत्राला वेगळेपण दिसलं, हे महत्त्वाचं. दगड हवा तर बाईंना परत देऊ."

इत्तोची कानशिलं तापली. "दगड ठेव म्हणावं त्याला. पन्नास वर्षं मी उन्हात वाकून बघितलं, ते काय हवेने बघितलं? त्या डब्याला एकदा तरी वाटलं का, हे कुठून आलं असेल? शोधला कुणी ते लिही, एवढंच."

"आत्या, मोठी माणसं आहेत, जाऊ दे."

"तू त्यांची गाडी चालव. माझी जीभ चालवू नकोस."

हेनिंगने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी पहाटेचा फज्रचा नमाज झाला आणि इत्तो काठी घेऊन निघाली ती ऊन वर आल्यावरच परतली. मग यंत्र सुटलं. पहिल्या खुणेपाशी थांबलं, खाली शेळीच्या लेंड्या. दुसरीखाली सार्डिन माशांचा गंजका डबा. तिसरीखाली बासूची फाटकी चप्पल. दुपारपर्यंत अकरा वेळा थांबलं आणि अकराही वेळा त्याने मोठा शोध लागल्याचं कळवलं.

हेनिंग लालबुंद होऊन चुलीपाशी आला. "हे कुणी केलं?"

इत्तोने भाकरी उलटली. "रचले असतील कुणी गुराख्याने."

बासूने हे भाषांतर करताना पागोट्याच्या टोकात तोंड लपवलं. हेनिंग खाली बसला, त्याने वही उघडली आणि तिचं नाव विचारलं.

"इत्तो. हद्दूची मुलगी. बापाचंही लिही, बघायला त्याने शिकवलं."

तो लिहू लागला. इत्तोने डोकावून पाहिलं.

"बासू, त्याला सांग, पेन्सिलीने नको. पेन काढ."